‘इतर’ या शब्दाखाली गाडलेली नावे
बसऱ्याच्या युद्धस्मारकाचे एक वाचन

युद्धस्मारकाकडे आपण वास्तू म्हणून पाहतो. कमान केवढी, खांब किती, शिल्पी कोण, हे विचारतो. पण ज्या सैनिकांचा देहच सापडला नाही, त्यांच्या स्मारकाची गोष्ट वेगळी आहे. तिथे थडगे नसते, म्हणून कोरलेले नाव हेच थडगे होते. असे स्मारक आधी वाचायचे असते, पाहायचे नंतर. या लेखात इराकमधल्या बसरा स्मारकाचे असे वाचन करायचे आहे. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांचा त्याच्याशी संबंध आहे आणि आपल्याला त्याची फारशी जाणीव नाही.

1917 साली लंडनमध्ये ‘इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन’ स्थापन झाले. युद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, हे आधीच ठरले होते. 1918 साली सर फ्रेडरिक केन्यन यांनी सादर केलेल्या अहवालातून कमिशनची तत्त्वे पक्की झाली. प्रत्येक मृताची नोंद नावाने व्हावी. हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होऊ नये. अधिकाऱ्याचा आणि शिपायाचा दगड सारखाच असावा. त्या काळाच्या मानाने हा विचार मोठा होता. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांच्यासाठी नावांच्या भिंती उभ्या राहिल्या त्या याच विचारातून. बेल्जियममधल्या मेनिन गेटवर 54,000 हून अधिक, तर फ्रान्समधल्या थीपवालच्या कमानीवर 72,000 हून अधिक नावे कोरली गेली.

फ्रान्समध्येच नव-शापेल येथे हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. वास्तुशिल्पी हर्बर्ट बेकर यांचे हे काम 1927 मध्ये खुले झाले. गोलाकार आवार, मध्ये कमळ आणि मुकुट धारण केलेला उंच स्तंभ, आणि भिंतीवर 4,700 हून अधिक नावे. त्यांत शिपाई आहेत, नाईक आहेत, जमादार आहेत.

आता बसऱ्याकडे येऊ. एडवर्ड वॉरन यांनी रचलेले हे स्मारक 27 मार्च 1929 रोजी, म्हणजे नव-शापेलनंतर दोन वर्षांच्या आत, शत्त-अल-अरब नदीच्या काठी माकिल येथे खुले झाले. 1914 च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट 1921 अखेरपर्यंत मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि थडगे अज्ञात असलेल्या 40,500 हून अधिक जणांचे हे स्मारक. फलकांवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, अगदी साध्या सोजिराचीसुद्धा. हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीही आहेत. पण पलटणीतला साधा हिंदी शिपाई आला की नावे थांबतात. पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या उरते. अधिकारी अमुक अमुक, आणि ‘इतर’ इतके.

हा ‘इतर’ कोण? मेसोपोटेमियात 1914 च्या नोव्हेंबरात जी फौज उतरली ती सहावी डिव्हिजन, म्हणजेच ‘पूना डिव्हिजन’. 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. टेसिफॉनच्या लढाईनंतर ही डिव्हिजन कूत-अल-अमारा येथे वेढली गेली. 7 डिसेंबर 1915 ला सुरू झालेला वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. सुमारे 13,000 जण तुर्कांच्या कैदेत गेले. उपासमार, रोगराई आणि वाळवंटातली पायपीट यांत पुढे जे मेले, त्यांपैकी अनेकांचे दफन वा दहन कुठे झाले याची खूण राहिली नाही. मराठा पलटणींचे त्या युद्धातले मुख्य रणांगण हेच. म्हणजे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातून गेलेला शिपाई ज्या ठिकाणी सर्वाधिक संभवाने हरवला, तिथेच त्याचे नाव कोरले गेले नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर तो सापडेल असे वाटते, पण तिथली 13,000 हून अधिक नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धाशी निगडित आहेत.

या वगळण्याची समर्थने तपासायला हवीत. पहिले समर्थन असे की नावे उपलब्ध नव्हती. ते टिकत नाही. आज कमिशनच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकाखाली हिंदी शिपायांच्या वैयक्तिक नोंदी दिसतात. अनेकांच्या नोंदीत बापाचे नाव, गाव, तालुका आहे. ही माहिती कागदावर होती म्हणूनच तिथे आली. शिवाय विधवेला पेन्शन द्यायची तर मयताचे नाव लागतेच. पैशाच्या कागदावर नाव चालत होते, दगडावर चालले नाही.

दुसरे समर्थन संस्कृतीचे. हिंदूंमध्ये दहन होते, थडग्याची चाल नाही, तेव्हा नावाचे महत्त्व ते काय, असा हा युक्तिवाद. मग नव-शापेलला नावे का कोरली? शिपाई त्याच फौजेचे होते, धर्म तेच होते. माझ्या मते फरक एवढाच की फ्रान्समधली भिंत युरोप पाहणार होता. माकिलच्या धक्क्यावरची भिंत पाहायला महाडचा किंवा कऱ्हाडचा बाप येणार नव्हता.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. आपली वीरगळ तरी नाव कुठे सांगते? महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. खाली लढाई, मध्ये अप्सरांनी नेलेला वीर, वर शिवपूजा, एवढेच. आणि अनेक गावांतल्या चावडीवर किंवा देवळापाशी इंग्रज सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी आहे. तीही या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असे आकडेच देते. मग बसऱ्यालाच दोष का?

उत्तर असे की वीरगळ ज्या गावात उभी राहिली त्या गावाला वीर कोण हे ठाऊक होते. पाटीवरच्या ‘सात’ या आकड्याला गावात सात घरे होती. आकडा वाचणारा नावे स्वतः भरत असे. बसऱ्याच्या भिंतीपुढे ती भरणारा कोणी नव्हता. आणि मुख्य म्हणजे वीरगळीवर शेजारी दुसऱ्या कोणाचे नाव कोरलेले नसते. बसऱ्याला एकाच फलकावर सुभेदाराला नाव आणि शिपायाला बेरीज आहे. निनावी असणे वेगळे आणि नाव गाळले जाणे वेगळे. ‘अनामवीर’ हा आपला लाडका शब्द इथे लावू नये. हे शिपाई अनाम नव्हते.

एप्रिल 2021 मध्ये कमिशनच्या विशेष समितीने हे मान्य केले. किमान 45,000 ते 54,000 मृतांना विषम वागणूक मिळाली आणि आणखी निदान 1,16,000, कदाचित 3,50,000 पर्यंत मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असे तिचा अहवाल सांगतो. यात हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन सारे आले. कमिशनने माफी मागितली. ते योग्यच झाले. पण मूळ स्मारक 1997 मध्ये सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने बसऱ्यापासून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे 32 किलोमीटर दूर हलवले गेले आहे. तिथे जाऊन नवे फलक बसवणे सोपे नाही, आणि बसवले तरी ते वाचणार कोण, हा 1929 चा प्रश्न कायमच आहे.

म्हणून उरलेले काम आपले आहे असे मला वाटते. कमिशनच्या नोंदींतली नावे रोमन लिपीतून आली आहेत. कारकुनाच्या कानाने गावांचे उच्चार मोडले आहेत, आडनावे गळाली आहेत. ती गावे ओळखण्यासाठी तालुक्याची बोली, वाड्यांची नावे, कुळांची माहिती असलेला माणूस लागतो. कमिशनच्या कचेरीत तो मिळणार नाही. प्रत्येक तालुक्यातल्या स्थानिक अभ्यासकाने आपल्या भागातल्या पाट्या मोजाव्यात, त्यांवरचे आकडे उतरवावेत आणि नोंदींतली नावे त्या आकड्यांशी जुळवावीत. ‘सात’च्या जागी पाच नावे मिळाली तरी पुष्कळ. ती देवनागरीत लिहून त्याच पाटीशेजारी लावता येतील, आणि तिथे ती वाचणारे नातू-पणतू अजून आहेत.