आगपाखड आणि वाङ्मय

संतापून लिहिलेल्या गद्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते संताप हा प्रामाणिकपणाचा पुरावा होय. ज्याला राग येत नाही त्याला काही बोचलेलेच नसते. दुसऱ्या पक्षाला आगपाखड ही विचाराची दिवाळखोरी वाटते. सरकारी नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा ओढा बहुधा दुसऱ्या पक्षाकडे असतो, कारण टिपणात राग लिहिण्याची सोय नसते. परंतु एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य पाहिले असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिली. ते स्वतः सरकारी सेवेत होते आणि ज्या ब्राह्मणवर्गात जन्मले त्याच वर्गावर त्यांनी कोरडे ओढले. या पत्रांत पुनरुक्ती पुष्कळ आहे, शैलीचा डौल तर नाहीच. तरीही ती वाचवतात, याचे कारण लेखकाचा राग आपल्याच घरावर आहे. विद्या, ग्रंथसंग्रह, स्त्रियांची स्थिती असे जे जे त्यांना खुपते, ते सुधारावे ही तळमळ त्या रागाच्या पाठीशी सतत उभी आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची गोष्ट नेमकी उलट. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला जो भारदस्तपणा दिला तो कोणालाही नाकारता येणार नाही. उपहास करावा तर शास्त्रीबुवांनीच! मात्र जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी आपली बरीचशी शक्ती भाषेच्या व व्याकरणाच्या चुकांची टर उडविण्यात खर्च केली. वाचक हसतो, पण शूद्रातिशूद्रांना विद्या का मिळाली नाही, हा फुल्यांचा मूळ प्रश्न हसून झाल्यावरही जागच्या जागी उभा असतो. शैली निर्दोष असूनही आगपाखड वाया जाते ती अशी. संताप प्रतिपक्षाच्या मुद्द्याला भिडण्याऐवजी त्याच्या पागोट्याला भिडला, की लेखकाचे समाधान होते आणि वाद तेथेच राहतो.

आता १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' पाहावा. नावातच फटका आहे आणि ग्रंथभर तो ओढलेला आहे. भटशाही, सरकारी कामगार, ऐषआरामात दंग असलेले गोरे अधिकारी, कोणीच त्यातून सुटत नाही. वाक्ये लांबलचक आहेत, एकात दुसरे गुंतते, कधी तोलही जातो. परंतु हाच लेखक साऱ्याची दाद मागण्यासाठी कलेक्टरच्या तंबूभोवती घुटमळणारा शेतकरी रंगवितो. त्याचे घर, अंगावरचे कपडे, ताटातले अन्न यांचे इतके बारकाईने वर्णन करतो की महसूलखात्याच्या एखाद्या अहवालालाही ते साधले नसते. शेवटी उपायही सांगतो: ताली व बंधारे बांधून पाणी अडवावे, शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या द्यावी, उत्तम शेती करणारास बक्षिसे द्यावीत. येथे राग हा निरीक्षणाचा शत्रू नसून त्याचा चालक आहे. रागावलेला माणूसच इतका वेळ त्या घरात थांबून पाहू शकला.

फुल्यांच्या संतापातही दोष आहेत. एका संपूर्ण जातीला ते एकाच मापाने मोजतात आणि प्राचीन इतिहासाविषयीची त्यांची अनुमाने पुराव्याच्या पुढे धावतात. असूड जेथे दृश्यावर पडतो तेथे तो खरा. जेथे तर्कावर पडतो तेथे नुसता आवाज होतो. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून त्यांना डोक्यावर घेणे वा त्याज्य ठरविणे, दोन्ही सारखेच आळशीपणाचे होय.

म्हणून आगपाखड चांगली की वाईट, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ती कोणावर आहे, तिने काय पाहिले आहे, आणि ती ओसरल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, हे पाहिले पाहिजे. लेखकाचे मन हलके झाले एवढ्यावर वाङ्मयाची किंमत ठरत नाही.

आपल्यापुरता याला आणखी एक पदर आहे. १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांनुसार सरकारी नोकराला शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका प्रसिद्ध करता येत नाही, टोपणनावानेसुद्धा नाही. लोकहितवादींची वाट त्या बाजूने बंद आहे. पण ज्या घरावर ते रागावले ते घर, म्हणजे आपला वर्ग, आपल्या सवयी, खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाशी बोलण्याची आपली रीत, यांविषयी लिहिण्यास कोणताही नियम आड येत नाही. 'असुडा'तील कामगार आपणच आहोत असे समजून ते पुस्तक एकदा वाचावे. राग आला तर तो कशाचा आला, हेही प्रामाणिकपणे तपासावे.