पहिला वाडगा

आंब्याच्या लाकडाचा हा वाडगा माझ्या भाचीनं लेथवर कातलेला, तिच्या हातून उतरलेला पहिलाच. वीतभर रुंद, चार बोटं उंच. हातात घेताच वजन जाणवतं, आणि ते सगळं बुडाशी आहे. काठ चिमटीत धरून अंगठा आतून आणि बोट बाहेरून खाली नेत गेलं, की दोन्ही एकमेकांपासून दूर होत जातात. बाहेरचा बाक गोलाईनं तळाकडे वळतो, आतला मात्र मध्येच अडखळून सपाट होतो. तळ फुटून हत्यार आरपार जाईल ही धास्ती प्रत्येक नवशिक्याला असते. इथं ती बोटांना मोजता येते.

इंग्लंडात बकलबरीला जॉर्ज लेली (1869–1958) नावाचा कातारी होऊन गेला. पायानं चालवायच्या लेथवर तो एल्मच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढायचा. वाकड्या हत्याराचं टोक लाकडात खोल गडप झालेलं असताना दोन वाडग्यांमधली जाडी त्याला हातानंच कळायची. अशा हाताला किती वर्षं लागत असतील, याचा अंदाज या जड बुडावरून येतो.

आता बाहेरचं अंग बघा. खालच्या भागात समोरासमोर दोन खरखरीत पट्टे आहेत. दोनच का? लाटणं कातताना लाकडाची रेषा लाटण्याच्या लांबीनं जाते, हत्याराला सगळीकडे सारखीच वागणूक मिळते. वाडग्यात रेषा आडवी. एका फेऱ्यात गोल पटाशी दोनदा तंतूंच्या कुशीवरून जाते आणि दोनदा त्यांच्या टोकांना सामोरी येते. टोकांकडे वळताना, जिथं तंतूंना मागून आधार नसतो तिथं ते कापले जाण्याऐवजी उपटले जातात, आणि अशा जागा समोरासमोर येतात. म्हणून बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे यायचं, आतून कातताना काठाकडून मध्याकडे. वर येता येता इथले पट्टे निवत जातात. माझी खात्री आहे की मध्येच थांबून तिनं पटाशीला धार लावली आणि नंतर दाब कमी केला. पॉलिश पेपर कितीही घासला तरी हा फरक लपत नाही, आणि तो लपला नाही याचा मला आनंद आहे.

आत, अगदी मधोमध, डाळीच्या दाण्याएवढं टेंगूळ राहिलंय. वाडगा कितीही वेगानं फिरो, मध्यबिंदूपाशी लाकडाचा वेग शून्यावर येतो. काठाशी भराभर कापणारी धार तिथं नुसती ढकलू लागते, आणि नवा हात नेमका तिथंच मागं सरतो.

पण काठ! वरचा दोन बोटांचा भाग एका दमात उतरलाय. बाहेरची रेघ किंचित आत झुकते, भिंत हळूहळू पातळ होते, आणि कड गोल होऊन संपते. बोट कुठं अडत नाही. असा काप नुसत्या मनगटानं निघत नाही. पटाशीचा दांडा कमरेशी टेकवून सगळं अंग त्या बाकाबरोबर वळावं लागतं, आणि धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला राहावा लागतो. हे तिला कुणी शब्दांत सांगितलं असेलही. अंगात आलं ते इथं.

लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं. तंतूंच्या दिशेनं लाकूड जवळपास आकसत नाही, आडवं मात्र आकसतं, त्यामुळे वाडगा आता जरासा लंबगोल झालाय. मला तो असाच अधिक देखणा वाटतो.

पुन्हा लेथवर चढवून बूड हलकं करायचं तिच्या मनात आहे. तसं करू नये. जवसाचं तेल चोळून वाडगा वापरात काढावा आणि लेथवर नवा ठोकळा चढवावा.