बाळूंचा चेंडू आणि मातीचे भांडे

चरित्रपर लेखनाचे परीक्षण करताना प्रथम एक प्रश्न विचारावा: लेखकाने नायकाची केवळ स्तुती केली आहे, की त्याची बाजू मांडली आहे? वकिलीच्या व्यवसायामुळे हा भेद आम्हांस थोडा अधिक जाणवतो. रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बाळू यांची बाजू मांडली गेली आहे. ग्रंथाचे मोल त्यातच आहे.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखीत, जाळी बांधीत आणि इंग्रजांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्या डावऱ्या हाताची कीर्ती पसरली, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळी मात्र बाळू मंडपाबाहेर, आणि चहा मातीच्या टाकाऊ भांड्यात! गुहा हे आवाज न चढविता सांगतात, म्हणूनच ते अधिक झोंबते.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी मात केली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली त्यांना डावलले म्हणून शिवराम व विठ्ठल हे बंधू संघाबाहेर पडले. तडजोडीने बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

येथे अमेरिकेचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन आठवतो. १९०८ साली तो जगज्जेता झाला. १९१० साली गोऱ्यांचा आशास्थान जेफ्रीज यालाही त्याने हरविले. ठोशाने जे साधेना ते कायद्याने साधले गेले: १९१३ साली न्यायालयात तो दोषी ठरला. मरणोत्तर क्षमा मिळाली ती २०१८ साली. बाळूंवर मात्र खटला झाला नाही. रूढीला आरोपपत्र लागत नाही; म्हणूनच रद्द करावा असा निकालही आपल्या दप्तरी सापडत नाही.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, ही अडचणीची गोष्टही ग्रंथ झाकीत नाही. न्यून एवढेच की, पट विस्तृत असल्याने बाळू मधूनच दृष्टीआड होतात आणि त्यांचे अंतरंग दूर राहते. यास्तव विठ्ठलांचे आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) जोडीला ठेवावे.

अस्पृश्यता पाळणे दंडनीय ठरविणारा कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला. ४ जुलै १९५५ रोजी बाळू निवर्तले. कायद्याचे संरक्षण त्यांच्या वाट्यास आले ते जेमतेम महिनाभर.

आमच्या सिल्वासात काय, अन्यत्र काय, देवस्थानाच्या उत्सवात राबणाऱ्या हातांची आपण मुक्तकंठाने स्तुती करतो. परंतु त्यांपैकी किती हात विश्वस्तांच्या बैठकीत मतासाठी वर होतात? बाळूंना स्तुतीची वाण कधीच नव्हती. राहिले होते ते कर्णधारपद.