शालेय क्षेत्रभेट आणि इतिहासाचीं साधनें

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळानें २०१८ सालीं इयत्ता दहावीसाठीं जें इतिहासाचें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याकडे संशोधकवर्गाचें जावें तितकें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. राजांच्या वंशावळी व लढायांच्या तिथि बाजूस ठेवून, इतिहास लिहिला कसा जातो हा विषय त्यांत घेतला आहे. नऊ प्रकरणांपैकीं पहिलीं दोन इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांस, तिसरें उपयोजित इतिहासास, आठवें पर्यटनास व शेवटचें ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनास दिलें आहे. योजना चांगली आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आक्षेप निराळाच आहे. साधनांविषयीं इतकें सांगणारें पुस्तक वाचून जो विद्यार्थी बाहेर पडतो, त्यास हेगेल व रांके यांचीं नांवें पाठ असतात; पण गांवच्या मारुतीच्या देवळामागें उभा असलेला वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो, हें त्यास ठाऊक नसतें.

हा दोष एकट्या पुस्तकाचा नव्हे. त्यास जोडून जी ‘क्षेत्रभेट’ शाळांतून होते, तिचें स्वरूप पाहिलें म्हणजे कारण कळतें. तीनचार तासांचा प्रवास, तटाखालीं छायाचित्र, मार्गदर्शकाची ठरीव कथा, आणि परत आल्यावर फळ्यावरून उतरून घेतलेला अहवाल. साठ विद्यार्थ्यांचे साठ अहवाल, पण मजकूर एक. शनिवारवाड्यांत गेलेल्या मुलांस नारायणरावाच्या वधाची कथा ऐकवितात, जी तीं घरूनच ऐकून आलेलीं असतात. १८२८ च्या आगींत वाडा जळाला. मग तट, दिल्ली दरवाजा व जोतीं राहिलीं आणि वरच्या इमारती कां गेल्या, हें त्या जागीं उभें राहूनच विचारण्यासारखें आहे. दगडाचें काम कोठें संपतें व लाकूडकाम कोठून सुरू होत असावें, हें पंधरा वर्षांच्या मुलास डोळ्यांनीं ठरवितां येतें. तो प्रश्न कोणी घालीत नाहीं, आणि मग ‘मुलांस इतिहासाची आवड राहिली नाहीं’ अशी तक्रार शिक्षकांच्या बैठकींत ऐकूं येते! अनेक वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस आलेला अनुभव याच्या उलट आहे.

वीरगळाचेंच पाहावें. तळच्या चौकटींत लढाई, पुष्कळदां तिच्या कडेला गुरें. मधल्या चौकटींत अप्सरा वीरास वर नेत आहेत. वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें बसलेला. शिरोभागीं कलश व चंद्रसूर्य. वाचण्याचा क्रम तेवढा सांगून आम्ही मुलांस शिळेपुढें सोडून देत असूं. पहिलीं दहा मिनिटें गुरें मोजण्यांत जात. खरे प्रश्न त्यानंतर निघत. वीराचें नांव कां कोरलें नाहीं? गुरें कोणाचीं? लेखच नाहीं तर काल कशावरून ठरवावा? हा शेवटचा प्रश्न नववींतील एका मुलानें विचारला. आमच्या उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं, व पुढच्या आठवड्यांत तो शेजारच्या गांवांतील दोन शिळांचीं मापें व आकृति काढून तुलनेसाठीं घेऊन आला. त्यास तसें करावयास कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्याबद्दल गुणही मिळावयाचे नव्हते.

शिळेवर लेख असला तर ही गोडी आणखी वाढते, कारण तेथें मुलांस गणित भेटतें. दक्षिणेंत चालणाऱ्या गणनेप्रमाणें शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी उरेल तो प्रभवादि संवत्सरांतील अनुक्रम. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यांत १२ मिळवून १६०८. ६० नीं भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. अलिबागेजवळच्या अक्षी येथील शिळेवरचा शक ९३४ असा वाचला गेला आहे. त्याची बाकी ४६ येते, म्हणजे परिधावी. आणि शिळेवर याच संवत्सराचें अपभ्रष्ट रूप कोरलेलें आहे. (त्याच शिळेवरील गद्धेगाळाचा अर्थ वर्गांत कसा सांगावा, हें मात्र ज्या त्या शिक्षकानें आपापल्या धारिष्ट्याप्रमाणें ठरवावें.) शकाच्या एककाचा आंकडा झिजून गेला असेल आणि संवत्सराचें नांव शाबूत असेल, तर हरवलेला आंकडा मूल स्वतः काढूं शकतें. दशकाचा आंकडा गेला असेल तर कधीं कधीं दोन उत्तरें उरतात, आणि मग अक्षरांच्या वळणाकडे वळावें लागतें. दोन उत्तरांपैकीं एक निवडण्यासाठीं पुराव्याकडे पुन्हां जावें लागतें, हा धडा पहिल्या प्रकरणांतील तत्त्वज्ञांच्या नामावळींतून मिळत नाहीं.

आमचे संग्राहक मित्र म्हणतील कीं, मुलांचे थवे शिळांवर सोडणें धोक्याचें आहे. हें भय अगदींच खोटें नाहीं. खडू घासून अक्षरें उठविण्याची खोड मोठ्या माणसांसही आहे. म्हणून पाण्याशिवाय शिळेस कांहींही लावूं नये, आणि तेंही दगड ठिसूळ नसेल तरच. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत अक्षरें पाहावीं, ऊन नसेल तर बॅटरीचा झोत बाजूनें टाकावा, व छायाचित्रांत मोजपट्टी ठेवावी. शाईचे ठसे घेणें जाणत्यांचें काम, तें मुलांस देऊं नये. पुरलेलीं नाणीं सांपडलीं तर काय करावें, हेंही आधींच सांगावें. १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक केलें आहे.

संग्राहकांसही एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. राजवाड्यांच्या १८९८ सालच्या पहिल्या खंडांतील पत्रें वाईस मिळालीं. अशा घरांच्या माळ्यांवर अद्याप दप्तरें आहेत, आणि कोणाच्या माळ्यावर रुमाल आहे हें त्या घरच्या मुलास आपल्या आधीं कळतें. तो कागद शाळेंत आला कीं त्याचें मोल सांगणारा गृहस्थ फाटकाशीं उभा राहतो, हें आम्हीं पाहिलें आहे. मुलाकडून कागद विकत घेणें ही चोरीस उत्तेजन देणारी गोष्ट आहे, मग घेणारा कितीही विद्वान् असो. कागद घरीं राहावा. मालकाच्या संमतीनें तेथेंच त्याचें छायाचित्र घ्यावें, व मोडी वाचणाऱ्यानें नक्कल करून तिची प्रत मालकासही द्यावी.

या कामास विलंब परवडण्यासारखा नाहीं. देवळाच्या जीर्णोद्धारांत वीरगळ पालथे घालून पायरीस लावितात, नाहीं तर तैलरंगानें रंगवून टाकितात. रस्ता रुंद करतांना सतीशिळा ढिगाऱ्यांत जाते. पुरातत्त्वखात्याचा माणूस प्रत्येक गांवीं पोंचणें शक्य नाहीं, शाळा मात्र बहुतेक गांवीं आहे. विद्यार्थ्यांनीं केलेलीं वाचनें तपासून संशोधनसंस्थांनीं आपल्या त्रैमासिकांत चार पानें त्यांस द्यावींत. प्रत्येक नोंदींत गांव, शिळेची जागा व दिशा, लांबीरुंदी, पाहिल्याची तारीख आणि न लागलेलीं अक्षरें न लागलेलीं म्हणूनच दिलेलीं असावींत. तेथें अंदाजानें अक्षर भरणाऱ्याची नोंद, मग ती विद्यार्थ्याची असो वा त्याच्या शिक्षकाची, परत पाठवावी.