नाट्यगृहाचे नाव आणि कवीची नाममुद्रा

मराठी नाट्यसमीक्षेने नाट्यगृहाचा विचार बहुधा स्थापत्य, सोयी आणि आठवणी या अंगांनीच केला आहे. नाट्यगृह हे साहित्यव्यवहाराचेही स्थान आहे असे मानले, तर निराळा प्रश्न उपस्थित होतो : त्या रंगस्थळी शब्दाची पारख करण्याचा अधिकार कोणाकडे असतो?

या प्रश्नाचा आरंभ नावांपासून करता येईल. पॅरिसमध्ये १६८० साली स्थापन झालेली कॉमेदी फ्रान्सेज 'मोलिएरचे घर' म्हणून ओळखली जाते. मोलिएर स्वतः नट होता. तथापि ही ओळख टिकली ती त्याच्या संहितांच्या बळावर. आपल्याकडे कोल्हापूरचे केशवराव भोसले, पुण्याचे बालगंधर्व, पार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर ही नावे गायकनटांची आहेत. ठाण्याच्या गडकरी रंगायतनासारखे अपवाद आहेत. परंतु कल स्पष्ट दिसतो. वाङ्मयेतिहासाने नाटककार जपला, नगराने गायकनट. 'वन्समोअर' हा संगीत रंगभूमीवरील प्रेक्षकाचा तात्काळ अभिप्रायच होता. मात्र तो प्रामुख्याने गायकीला उद्देशून असे. संहितेचा निवाडा मासिकांच्या पानांवर, म्हणजे रंगस्थळाबाहेर, होत राहिला.

राजर्षी शाहूंच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून खुले झालेले कोल्हापूरचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत भस्मसात झाले. त्यावरची हळहळ सार्वत्रिक होती, आणि ती योग्यच होती. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२३मध्ये, परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झाले. सोशल सर्व्हिस लीगचे हे १९२२चे सभागृह कामगार रंगभूमीचे केंद्र होते. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचे नमन आणि शक्ती-तुऱ्याचे सामनेही तेथे होत. तेथे केवळ एक वास्तू नव्हे, तर शब्दाची पारख करणारी एक सभा विस्थापित झाली, हे समीक्षेच्या फारसे ध्यानी आले नाही.

ती सभा कशी असते हे महाडच्या खाडीपट्ट्यातील तुडीलसारख्या गावाच्या बाजूने पाहिले असता अधिक स्पष्ट होते. महाड-पोलादपूरच्या या टापूत मुंबईची नोकरी आणि गावचा सण यांची सांगड जुनी आहे. जाखडीला पडदा नसतो. गायक व ढोलकीवाला मध्यभागी, नाचणारे त्यांच्याभोवती, प्रेक्षक सभोवार. शक्ती श्रेष्ठ की शिव, या वादातून सवाल निघतो आणि प्रतिपक्षाला त्याचे काव्यातूनच उत्तर द्यावे लागते. उत्तर चुकले, यमक लंगडे पडले वा पुराणाचा आधार फसला, तर जाणता प्रेक्षक ते तेथेच ओळखतो. येथे काव्य आणि काव्यपरीक्षण यांचे स्थळ एकच असते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हा शाहीर अनामिक नाही. गीताच्या अखेरच्या कडव्यात तो गुरूच्या नावासह स्वतःचे नाव गुंफतो. नगराने नाव वास्तूवर कोरले. येथे ते संहितेतच कोरलेले असते. असे असता विद्यापीठीय अभ्यास हे काव्य 'लोकसाहित्य' या सदरात घालून समूहाच्या खाती जमा करतो. ही केवळ वर्गीकरणातील चूक नाही. कवीचे कर्तृत्व त्यामुळे नाकारले जाते.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पुराणप्रामाण्याच्या चौकटीत चालणारा वाद नव्या अनुभवाला सहज जागा देत नाही, आणि बिनतोड उत्तर म्हणजे श्रेष्ठ कविता नव्हे. परंतु या मर्यादा दाखवण्यासाठीही ते काव्य आधी काव्य म्हणून वाचावे लागेल. जळालेली वास्तू नकाशांच्या आधारे पुन्हा बांधता येते. पारख करणारी सभा एकदा पांगली की तिचा नकाशा कोठेही मिळत नाही. शाहिरांच्या वह्या त्यांच्या नाममुद्रांसह संपादित करणे आणि त्या अभ्यासक्रमात कवितेच्या रांगेत ठेवणे, हे म्हणूनच मराठी विभागांचे अगत्याचे काम ठरते.