काम, मदत आणि ‘बरी स्थिती’: एका हिशेबाची चिकित्सा



आज चिकित्सेसाठी आम्ही एक वाक्य घेतलं आहे. महाराष्ट्रात 2024 मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली, पात्र स्त्रियांच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये जमा होऊ लागले, आणि तेव्हापासून हे वाक्य वरचेवर कानावर पडतं: ‘फुकटचे पैसे मिळतात, मग खुरपणीला बायका कशाला येतील?’ योजना मतांसाठी आणली का, तिजोरीला झेपते का, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण ते आज बाजूला ठेवू. आज विचार करायचा तो एवढाच: कमी मजुरीवर राबणारा माणूस मदत घेणाऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो का? आणि ‘बरी स्थिती’ म्हणजे नेमकं काय?

अगोदर अंकगणित उरकून घेऊ. 2024-25 मध्ये रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याखाली महाराष्ट्रातला दिवसाचा दर 297 रुपये होता. म्हणजे 1500 रुपये ही जेमतेम पाच दिवसांची मजुरी. पाच दिवसांच्या मजुरीवर महिना निघत नाही, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. शिवाय कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर खुरपायला गेली म्हणून त्या बाईचे पैसे कापले जात नाहीत. तेव्हा कामाला जाणारीच्या हातात जास्त पैसे येतात, हे उघड आहे.

ब्रिटनमध्ये मात्र हाच हिशेब खरोखर अडचणीचा आहे. तिथं ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ घेणारा माणूस कमावू लागला की ठराविक मर्यादेनंतरच्या दर पौंडामागे त्याची मदत 55 पेन्सनी कमी होते. 2021 च्या अखेरीपर्यंत हा आकडा 63 होता. म्हणजे पौंड कमावला तर हातात राहतात 45 पेन्स. त्यातून बसचं भाडं आणि मुलांच्या पाळणाघराचा खर्च वजा करा. काम करून शिल्लक काय राहतं, हा प्रश्न तिथल्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा लागतो. आपल्या खुरपणीवाल्या बाईला तो पडतच नाही. तरीही आपल्याकडे ते वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं. का बरं?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, तेही इंग्लंडातच. 1795 मध्ये बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलँड इथं न्यायाधिकाऱ्यांनी ठरवलं, की पावाचा भाव वाढला तर मजुराच्या कमाईत जी तूट येईल ती स्थानिक निधीतून भरून द्यावी. त्यावर टीका झाली: मालक मुद्दाम मजुरी कमी ठेवतात आणि मजूर आळशी होतात. यातल्या पहिल्या आक्षेपात दम आहे. गरिबांविषयीच्या कायद्यांमुळे त्या काळच्या मजुराला गाव सोडून दुसरीकडे काम शोधणं अवघड होतं. ज्याला मालक बदलता येत नाही, त्याला दिलेली मदत शेवटी मालकाच्याच खिशात झिरपते.

पण 1834 च्या कायद्यानं दुसरा आक्षेप उचलून धरला. त्यामागचं तत्त्व असं, की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती अगदी तळच्या स्वतंत्र मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर कुणी काम करणार नाही. म्हणून धडधाकट माणसाला मदत हवी तर त्यानं ‘वर्कहाउस’मध्ये भरती व्हावं, तिथं नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे.

तर्काच्या दृष्टीनं या तत्त्वाकडे बघा. काम आणि मदत यांच्यात अंतर हवं, हे मान्य करू. पण अंतर दोन रीतींनी वाढवता येतं: मदत खाली ओढून किंवा मजुरी वर उचलून. 1834 च्या तत्त्वानं मजुरी दिलेली गोष्ट मानली, जणू पाऊस किंवा थंडी. तळच्या मजुराचं अर्धं पोट भरत असेल, तर मदत घेणाऱ्याचं पावच भरावं. मजुराचं अर्धंच का भरतं, हा प्रश्न तिथं उरतच नाही.

हे तत्त्व बोटीत बसून आपल्याकडेही आलं. 1876-78 च्या दुष्काळात खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आलं आणि दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली गेली. घरापासून लांबच्या कामावर जाण्याची सक्ती आली. हेतू हा, की कष्ट जास्त, मजुरी कमी आणि जागा दूर, एवढं सोसून जो येईल तोच खरा गरजू. 1877 च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या अटींवर काम करायला नकार दिला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. उपाशी माणसं काम नाकारतात, हे सरकारला उद्दामपणाचं वाटलं. आम्हाला ती या विषयावरची मोठी तात्त्विक कृती वाटते. कोणतंही काम रिकाम्या हातापेक्षा बरंच, हे गृहीतक त्या मजुरांनी नाकारलं होतं.

पुढं 1947 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये हाच धागा पकडला. बेकार माणसापुढे तास न ठरलेली, संघटना करू न देणारी नोकरी ठेवली तर तो ती घेईलच. मग त्याच्या मूलभूत हक्कांना अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमानं मना केलेली वेठबिगारी आहे. भुकेपोटी पत्करलेलं कामही सक्तीचंच. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांनाही न्यायालयानं हाच न्याय लावला. 1877 च्या मजुरांचं म्हणणं शंभरावर वर्षांनी कायद्याच्या भाषेत आलं.

आता मूळ प्रश्न. बऱ्या स्थितीचे दोन अर्थ आहेत. एक, हातात किती पैसे येतात. दुसरा, आपल्याला ‘नाही’ म्हणता येतं का. पहिल्या अर्थानं काम बहुधा पुढं असतं. दुसरा अर्थ धरला तर चित्र बदलतं. मुकादमानं ठरलेल्या रोजापेक्षा कमी हातावर टेकवले, तर जिच्या घरात उद्याचं पीठ आहे ती म्हणू शकते, ‘या भावात नाही परवडत.’ जिच्या घरात नाही ती मुकाट्यानं घेते. आमचं म्हणणं असं, की कमी मजुरीचं काम माणसाला बऱ्या स्थितीत ठेवतं ते त्याला ते नाकारता येत असेल तेव्हाच. पाच दिवसांच्या मजुरीनं कुणी आळशी होत नाही. मात्र मजुरीचा भाव ठरवताना दोन शब्द बोलण्याइतकं बळ येतं. ‘बायका मिळत नाहीत’ याचा अर्थ पुष्कळदा ‘जुन्या भावात मिळत नाहीत’ एवढाच असतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला शेतकऱ्याचा: सोयाबीनला भाव नाही, मजुरी कुठून वाढवू? हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचं उत्तर शेतमालाच्या भावात शोधलं पाहिजे. शेतकऱ्याच्या तोट्याची भरपाई त्याच्याहून गरीब बाईच्या रोजातून करणं हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. काम म्हणजे केवळ मजुरी नव्हे. सोबत असते, कसब असतं, चारचौघांत मान असतो. खरं आहे. म्हणूनच महाराष्ट्रानं 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना राबवली आणि 1977 मध्ये तिला कायद्याचं रूप दिलं. मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता. शहरातल्या पगारदारांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून तिला पैसा दिला गेला. इथं काम ही परीक्षा राहिली नाही, तो मागणाऱ्याचा हक्क झाला. त्यातही भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया. आणि 2005 च्या केंद्रीय कायद्यात पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर किमान निम्मा. म्हणजे 1834 ची सावली कागदावर राहिलीच. पण फरक मोठा आहे: काम न मिळण्याचा दोष आता शासनाचा मानला गेला.

तेव्हा मंडळी, पुन्हा कुणी म्हणालं की मदतीमुळे माणसं कामाला येत नाहीत, तर रागावू नका. शांतपणे एवढंच विचारा: रोज किती देता, आणि त्या रोजावर तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं का? आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.