हेल कुठे गेली? 'मेट्रोपोलिस'च्या प्रतींविषयी



पत्रिकेवर विषय छापलाय 'एका विज्ञानपटाच्या अनेक प्रती'. सोनपेठला जर्मन मूकपटावर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण प्रत, पाठभेद, शुद्ध पाठ, प्रक्षिप्त हे शब्द गोदाकाठच्या माणसाला नवे नाहीत. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो का करावा लागला? नकलून नकलून पोथी बिघडली होती म्हणून. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली, आणि महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. आपल्याकडे हे झालं पोथ्यांचं. चित्रपटाचंही तेच होतं, फक्त तिथे लेखनिकाच्या जागी कात्री असते.

फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी ४,१८९ मीटर. मूकपटाची लांबी मीटरमध्ये सांगतात, कारण फीत किती वेगाने फिरवायची हे थिएटरागणिक बदलायचं. आजच्या सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने ते १५३ मिनिटं भरतात. हा पूर्ण चित्रपट बर्लिनबाहेर फारसा कोणी पाहिला नाही. काढणारी उफा कंपनी कर्जात होती, अमेरिकेच्या पॅरामाउंटशी तिचा करार होता, आणि पॅरामाउंटला चित्रपट आटोपशीर हवा होता. त्यांनी चॅनिंग पोलॉक नावाच्या नाटककाराला बसवलं. पोलॉकने चतुर्थांशाच्या आसपास भाग काढला आणि मधल्या पाट्या नव्याने लिहिल्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात खुद्द जर्मनीतही ३,२४१ मीटरची छोटी प्रत लागली.

आता काय कापलं ते बघू. मिनिटं मोजून काही हाती लागत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. वर उंच इमारतींचं शहर, खाली यंत्रांवर राबणारे कामगार. शहराचा मालक योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो, मारिया नावाच्या मुलीच्या मागे. मारिया कामगारांना धीर देते, मध्यस्थ येईल म्हणते. मालकाच्या पदरी रोटवांग हा शास्त्रज्ञ आहे. तो एक यंत्रमानव बनवतो, त्याला मारियाचं रूप देतो, आणि ही खोटी मारिया कामगारांना चिथावून शहर बुडवायला निघते.

जगाने ८० वर्षं पाहिली ती ही गोष्ट. यात एक साधा प्रश्न विचारा. रोटवांग यंत्रमानव का बनवतो? पोलॉकच्या पाटीत उत्तर असं, की न थकणारा, न चुकणारा कामगार मिळाला, आता जिवंत कामगारांची गरज नाही. ठीक आहे, पटण्याजोगं आहे. पण मग हा न थकणारा कामगार बाईच्या आकाराचा का? आणि तसला एकच बनवून माणूस वेड्यासारखा हसतो का?

(इथे पडद्यावर दोन्ही प्रतींतला रोटवांगच्या घरातला प्रसंग दाखवण्यात आला.)

पाहिलंत? दुसऱ्या प्रतीत पडद्यामागे दगडाचं प्रचंड डोकं आहे. ती हेल. रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं. ती योह फ्रेडरसनची झाली आणि फ्रेडरला जन्म देताना गेली. रोटवांगने तिचं स्मारक घरात उभारलं आणि तिला परत आणण्यासाठी यंत्र बनवलं. त्या पायी त्याचा एक हात गेला, त्या जागी काळा यांत्रिक हात आहे. कामगारांचा आणि त्या यंत्राचा संबंध नंतर आला, मालकाने जोडला म्हणून. पोलॉकने हेल काढली. कारण काय, तर इंग्रजीत ते नाव नरकासारखं ऐकू येतं, लोक हसतील!

आमचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते जरा ताणून सांगतो. 'मेट्रोपोलिस' म्हटलं की आपल्याला यंत्र माणसाची जागा घेतं ही गोष्ट आठवते. पुढच्या विज्ञानपटांनी तीच उचलली, आणि आज संगणक नोकऱ्या खाणार या चर्चेत तेच चित्र छापतात. ही गोष्ट मूळ चित्रपटात होती, पण ती दुय्यम होती. तिला पहिल्या क्रमांकावर कात्रीने आणि पाटीने बसवलं. मुळात हा दोन पुरुषांचा एका मेलेल्या बाईवरचा झगडा आहे. विज्ञान तिथे शोकाच्या कामाला लावलेलं आहे. गेलेलं माणूस परत आणता येईल का, या हट्टातून ते यंत्र जन्मतं.

शेवटाकडे या, म्हणजे हेलच्या जाण्याने काय बिघडलं ते कळेल. रोटवांग मारियाला पळवत देवळाच्या छपरावर नेतो. छोट्या प्रतीत तो खलनायक, म्हणून पोरीच्या मागे लागतो, बास. आम्ही शिकवत असताना मुलं इथे हमखास हसायची, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पूर्ण प्रतीत तो शुद्धीवर येऊन आधी स्मारकापाशी जातो, हेलला घरी न्यायचं ठरवतो, आणि भ्रमात मारियालाच हेल समजतो. पळापळ तीच, छप्पर तेच. पण आता हसू येत नाही. नैयायिक कारण काढून घेतलं तर कार्य उरत नाही म्हणतील. इथे कार्य उरलं आणि विनोदी झालं.

न्यायाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. आमचा मूळ धंदा तो. नैयायिक म्हणतात, वस्त्र म्हणजे नुसते धागे नव्हेत. धाग्यांमध्ये राहणारा, पण धाग्यांहून वेगळा असा एक अवयवी असतो. बौद्ध म्हणतात, धागेच खरे, वस्त्र हे आपलं बोलणं. मग वस्त्रातून चार धागे काढले तर काय होतं? नैयायिकांचं उत्तर आम्हाला नेहमी धाडसी वाटत आलं आहे. जुना पट नष्ट झाला, उरलेल्या धाग्यांतून नवा पट निर्माण झाला. त्याला ते खंडपट म्हणतात. तो जुन्याचा तुकडा नसतो, स्वतःचा पूर्ण असा दुसरा पट असतो.

चित्रपटाला आपण पट म्हणतो ते उगीच नाही. पोलॉकचा 'मेट्रोपोलिस' हा खंडपट आहे. संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी १९८४ मध्ये रंग चढवून, पाट्यांऐवजी खाली अक्षरं देऊन, फ्रेडी मर्क्युरीसारख्यांची गाणी घालून ऐंशीएक मिनिटांचा केला, तोही खंडपटच. जुने रसिक मोरोडरवर तुटून पडतात. आम्हाला तो मनुष्य पोलॉकपेक्षा सरळ वाटतो. आपण नवं कापड विणतोय हे त्याने लपवलं नाही. पोलॉकची प्रत मात्र 'मेट्रोपोलिस' हाच म्हणून चालली, आणि टीकाही तिच्यावरच झाली. एच. जी. वेल्स यांनी १९२७ सालीच या चित्रपटाला मूर्खपणाचा कळस ठरवलं. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा चालत होती ती कापलेली प्रत. वेल्सचे सगळेच आक्षेप त्याने पडत नाहीत, शहराचं अर्थकारण कच्चं आहे ते पूर्ण प्रतीतही कच्चंच राहतं. पण यंत्रमानव कशाला बनवला, या प्रश्नाला तरी उत्तर होतं, ते प्रेक्षकापासून काढून घेतलं होतं.

आता पाठशुद्धीची हकीकत. म्युनिकच्या फिल्म संग्रहालयाचे एन्नो पाटालास यांनी सेन्सॉरकडे दिलेली पाट्यांची यादी आणि गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांच्या संगीताची वही समोर ठेवून १९८७ मध्ये क्रम लावला. संगीताच्या वहीत कुठल्या सुरावर पडद्यावर काय, याच्या खुणा होत्या. म्हणजे पोथी हरवली, पण कीर्तनकाराच्या टाळकऱ्याला ठेका पाठ होता, असं समजा. २००१ मध्ये मार्टिन कोर्बर यांच्या देखरेखीखाली स्वच्छ प्रत आली. तिच्यात हरवलेल्या जागी मजकुराच्या पाट्या होत्या. त्याच वर्षी युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत 'मेट्रोपोलिस' घेतला. आता यापुढे काही मिळणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

२००८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात पाउला फेलिक्स-दिदिएर आणि फेर्नांदो मार्तिन पेन्या यांना १६ मिलिमीटरची फीत सापडली. १९२८ मध्ये एका वितरकाने बर्लिनची लांब प्रत अर्जेंटिनाला नेली होती. पुढे ती एका संग्राहकाकडे गेली, आणि नंतर ३५ मिलिमीटरवरून १६ वर उतरवली गेली. उतरवताना मूळ प्रतीवरचे ओरखडे धुतलेसुद्धा नाहीत, ते चित्रासकट छापले गेले. कडेचा काही भागही कापला गेला. त्यावरून केलेली जवळजवळ पूर्ण प्रत १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिन आणि फ्रँकफर्टमध्ये एकाच वेळी दाखवली.

ती पाहताना डोळ्यांना जे होतं ते सांगण्यासारखं आहे. चकचकीत चित्र चाललेलं असतं आणि मध्येच पाऊस लागतो. उभ्या रेघाच रेघा, चित्र लहान, कडेला काळी पट्टी. तो पाऊस म्हणजे अर्जेंटिनाचा भाग. दहा मिनिटांनी डोळा सरावतो आणि आपण रेघा आल्या की सावध होतो, हे त्यांनी कापलं होतं! नाथांची शुद्ध पोथी वाचताना कुठली ओवी कुठल्या प्रतीतून आली ते आपल्याला दिसत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारतात दिसतं, पण तळटीपेत. इथे ते पानावरच दिसतं. रेघा काढून टाकण्याची यंत्रं उद्या आणखी सुधारतील. आमचं मत विचाराल तर त्या अगदी नाहीशा करू नयेत.

बाकी परत आलेला मजकूर सगळाच मोलाचा नाही. मालकाचा हेर, त्याला 'सडपातळ' म्हणतात, त्याची पाठलागाची कडी लांबते. ११८११ क्रमांकाचा कामगार मात्र महत्त्वाचा. फ्रेडर त्याच्याशी कपडे बदलतो, मित्राच्या पत्त्यावर जा म्हणतो, आणि हा गाडीत बसून खिशातले पैसे पाहून नाचगाण्याच्या योशिवारात जातो. छोट्या प्रतीत कामगार म्हणजे मान खाली घालून चालणारी रांग. या एका प्रसंगात त्या रांगेतला एकजण आपल्यासारखा होतो. भुलतो. पुराच्या वेळी मुलांना वाचवण्याचा प्रसंगही आता लांब आहे, वर लोखंडी जाळी आडवी येते आणि ती तोडेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

मग २०१० ची प्रत हीच मूळ का? त्या काळी परदेशी प्रती काढण्यासाठी वेगळे निगेटिव्ह लागत. 'मेट्रोपोलिस'चे तीन होते, जर्मनीसाठी, पॅरामाउंटसाठी, इतर देशांसाठी. शेजारी ठेवलेल्या कॅमेऱ्याने किंवा त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या चित्रणातून घेतलेले. म्हणजे पहिल्याच दिवशी धागे तीन प्रकारचे होते. रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'च्या १९८२, १९९२ आणि २००७ च्या प्रतींत निदान दिग्दर्शक हयात होता, शेवटची माझी असं सांगायला. लांग १९७६ मध्ये गेले, आणि जाण्याआधी चित्रपटाच्या शेवटाबद्दल नापसंती सांगून गेले. मेंदू आणि हात यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी हा तो शेवट. मालक आणि मुकादम हात मिळवतात आणि पडदा पडतो. तो कुठल्याही प्रतीत सुधारत नाही.

या शेवटाचं खापर बहुतेक समीक्षक पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बू यांच्यावर फोडतात. लांग यांच्या तेव्हाच्या पत्नी. दृश्यं लांगची, भाबडेपणा बाईचा, अशी वाटणी ठरून गेली आहे. पुढे त्या नाझी पक्षात गेल्या, त्यामुळे बाजू घ्यायला कोणी उरलं नाही. आपल्या लोकांना एक गोष्ट ठाऊक असावी म्हणून सांगतो. १९३३ मध्ये लांगशी घटस्फोट झाल्यावर हार्बू यांचे जीवनसाथी होते बेळगावकडचे आयी तेंडुलकर, मराठी माणूस. तेंडुलकर युद्ध सुरू होण्याच्या सुमारास मायदेशी परतले आणि १९४५ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या आशीर्वादाने त्यांचं इंदुमती गुणाजींशी लग्न झालं. ही हकीकत त्यांच्या कन्या लक्ष्मी धौल यांनी 'इन द शॅडो ऑफ फ्रीडम' या पुस्तकात लिहिली आहे.

हार्बू यांच्या राजकारणाला आम्ही माफी देत नाही, ते निंद्यच होतं. पण हेल त्यांची आहे, त्यांच्या कादंबरीत आहे. चित्रपटातला सगळ्यात खोल धागा त्या बाईने घातला, तोच पोलॉकने उपटला, आणि मग कापड विरळ आहे म्हणून ऐंशी वर्षं तिलाच बोल लावला. न आवडणाऱ्या माणसालाही त्याचं लिहिलेलं त्याच्या नावावर मिळालं पाहिजे. पाठशुद्धीचं काम करणाऱ्याला एवढं तरी करावंच लागतं.

दोन ठिकाणं अजून रिकामी आहेत. देवळात साधू प्रवचन देतो तो भाग, आणि दुसरा जास्त नडतो. रोटवांग मारियाला आपला डाव सांगत असतो, योह फ्रेडरसन बाहेरून ऐकतो, आत घुसतो, दोघांची मारामारी होते आणि मारिया निसटते. हेलवरून ज्या दोघांचं आयुष्यभराचं वैर, त्यांची हातघाई एवढी एकच, आणि ती ब्यूनस आयर्सच्या फितीतही नव्हती. तिथे नुसती पाटी येते. पुढचा भाग तिथूनच लावतोय. मागचे दोन दिवे तेवढे बंद करा, पाटी वाचता आली पाहिजे.